काटा बरोबर आहे

सोमवार, १ सप्टेंबर

आज चौथीला 'द्रव्य' हा धडा काढला. फळ्यावर तेवढा एक शब्द लिहून वळते तोच वकील उभा. (हे नाव मीच त्याला पहिलीत ठेवलं. पोरगा शाळेत आल्या दिवसापासून वाद घालतोय.) एका दमात म्हणाला, "ज्याला वस्तुमान असते व जे जागा व्यापते त्यास द्रव्य असे म्हणतात." मग सगळ्या वर्गाने तेच सुरात म्हणून दाखवलं. मला गुदगुल्या झाल्या. गपचूप पुढच्या ओळीकडे जायचं, तर कुठून बुद्धी झाली कोण जाणे, विचारलं, "व्यापते म्हणजे काय करते रे?"

पोरं पुस्तकाची पानं चाळायला लागली.

"बरं, ते राहू दे. हवा द्रव्य आहे की नाही?"

सगळे हसले. बाईंनी गंमत केली असं वाटलं त्यांना. पैलवान, म्हणजे मागच्या बाकावरचा आमचा सगळ्यात किडकिडीत मुलगा, म्हणाला, "हवा कशी असेल बाई? हवा म्हणजे काहीच नाही."

घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. मुलांवर नाही, स्वतःवर. हा वर्ग मी पहिलीत हातात घेतला आणि दरवर्षी त्यांच्याबरोबर एक इयत्ता वर चढत आले. शेंबूड पुसण्यापासून भागाकारापर्यंत सगळं माझ्या हातचं. पुढच्या वर्षी ती पाचवीत जातील, दुसऱ्यांची होतील. आणि शेवटच्या वर्षी मी त्यांना काय देणार, तर ही पोपटपंची?

ठरवलं. हा धडा पुस्तकातून शिकवायचा नाही. जे काही आहे ते मुलांच्या हातात द्यायचं. वर्ग ओला होईल, होऊ दे.

बुधवार, ३ सप्टेंबर

एक बादली पाणी, दहा ग्लास, थोडी रद्दी. ग्लासच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवायचा, ग्लास उपडा करून सरळ पाण्यात दाबायचा आणि सरळच वर काढायचा. बोळा कोरडा निघतो.

वकिलाचा विश्वास बसेना. "बोळ्याला मेण लावलंय," म्हणाला. मग स्वतःच्या वहीचं पान फाडून त्याने परत करून बघितलं. तेही कोरडं. "मग पाणी आत का जात नाही बाई?" मी ओठ शिवून उभी. उत्तर जिभेवर असताना गप्प बसणं म्हणजे काय शिक्षा असते ते आज कळलं. शेवटी भिंगरीने पाण्यातला ग्लास तिरका केला. ही मुलगी एका जागी बसलेली मी चार वर्षांत पाहिलेली नाही, आणि जे करू नको म्हणून सांगायचं राहून गेलं असेल ते ही आधी करून बघते. एक मोठा बुडबुडा भुळ्ळकन वर आला. ती किंचाळली, "बाई, निघाला! आत कुणीतरी बसलं होतं!"

पुस्तकातल्या 'जागा व्यापते'पेक्षा मला हे शंभरपट आवडलं. मग काय, दहाही ग्लासांतून कुणीतरी निघायला लागलं, ढकलाढकली झाली आणि बादली आडवी. पाणी दाराखालून सरळ शेजारच्या पाचवीत. पाचवीचे सर पँट वर दुमडून दारात उभे. "बाई, शिकवताय की धुणं काढलंय?"

"द्रव उताराकडे वाहतो, सर," मी म्हटलं. "तुमच्या मुलांना दाखवून घ्या, फुकट आहे."

म्हणायला नको होतं. पण म्हटलं, आणि मजा आली.

गुरुवार, ४ सप्टेंबर

मोठ्या बाईंचं बोलावणं आलंच. मुख्याध्यापिका असूनही त्यांचा आवाज कधी चढत नाही. त्या चष्मा काढून रुमालाने पुसायला लागल्या की समोरच्याने समजून जायचं. आज पुसत होत्या.

"पंधरा तारखेला तपासणीला साहेब येणार आहेत. चौथीचं विज्ञान बघणार आहेत. तीन धडे झालेले हवेत. तुमचा पहिलाच लोंबकळतोय."

"होईल, मोठ्या बाई."

"मागच्या खेपेला त्यांनी शेरा मारून ठेवलाय, चौथीच्या वर्गात शिस्त नाही. या वेळी तसंच झालं तर चौथी मला पाचवीच्या सरांकडे द्यावी लागेल. ते दोन्ही वर्ग सांभाळतो म्हणतात. तुम्ही पहिली घ्याल."

"मधेच? वर्ष अर्धं झालं नाही अजून!"

"मधेच." त्यांनी चष्मा चढवला. "पुस्तक वाचून घ्या, बाई. मी इतकी वर्षं वाचूनच शिकवलं. माझी मुलं काही अडाणी राहिली नाहीत." मी दारापर्यंत पोहोचले तेव्हा मागून विचारलं, "तो बोळा खरंच कोरडा राहतो?"

म्हणजे पाचवीच्या सरांनी बोळ्याचंसुद्धा सांगितलेलं दिसतंय. चुगली करावी तर माणसाने किती बारकाईने! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हो, राहतो," एवढंच म्हणून निघाले.

चौथी देणार नाही. शिस्त हवी ना साहेबांना, दाखवते. पण पुस्तक वाचून नाही. प्रयोगच दाखवीन, त्यांच्या नाकासमोर.

सोमवार, ८ सप्टेंबर

काठीच्या मध्यावर दोरी, दोन्ही टोकांना एकेक फुगलेला फुगा. काठी आडवी झाली की पैलवानाच्या हातात टाचणी दिली. फुग्यावर आधी चिकटपट्टी लावून तिच्यातून टोचलं की तो फुटत नाही, हवा सुस्कारा टाकत निघून जाते. ती जाईल तशी दुसऱ्या फुग्याची बाजू हळूहळू खाली आली. पैलवान बराच वेळ काठीकडे बघत होता. मग म्हणाला, "बाई, काहीच नाहीला वजन आहे." या एका वाक्यासाठी मी दहा साहेब अंगावर घ्यायला तयार आहे.

नंतर सगळ्यांना पटांगणात नेलं. खडूने मोठा चौकोन आखला. 'स्थायू' म्हटलं की खांद्याला खांदा लावून आपापल्या जागी थरथरायचं. 'द्रव' म्हटलं की एकमेकांना घासत सरकायचं, पण चौकोन सोडायचा नाही. 'वायू' म्हटलं की सुटायचं. सुटली! शिपाईमामांनी दोन वायू फाटकाजवळून कॉलर धरून परत आणले. "बाई, हे तुमचेच ना? बाहेर चालले होते."

मोठ्या बाई व्हरांड्यातल्या खांबाआडून सगळं बघत होत्या. माझी नजर गेली तशा वळून चालायला लागल्या. हेरगिरी चालू आहे. 'वायू' म्हटल्यावर त्यांचे ओठ हलत होते. किती मुलं पळाली ते मोजत असणार.

बुधवार, १० सप्टेंबर

साहेबांसाठी प्रयोग ठरला. तोंड घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत बर्फ भरायचा आणि वजन करायचं. बर्फ वितळला की पुन्हा करायचं. स्थायूचा द्रव झाला तरी वजन तेवढंच. स्वच्छ, शिस्तीत, सगळ्यांना दिसणारं. पाणी बाहेर सांडायचा प्रश्नच नाही.

काटा घरचा नेला. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या.

"अगं, माझा काटा कुठे निघाला?"

"शाळेत."

"आणि बर्फाचे ट्रे?"

"तेही शाळेत."

"फ्रीज माझ्या मुलाने घर चालवायला घेतला, शाळा चालवायला नाही." असं बरंच काही. मी कानाआड केलं.

पहिल्यांदा केलं ते जमलं. आधी दोनशे, नंतर दोनशे. मुलांनी टाळ्या पिटल्या. भिंगरीला मात्र धीर नाही. दुसऱ्या वजनाच्या आधी धावत पुढे आली आणि काटा अन् पिशवी आपल्या फ्रॉकने खसाखसा पुसून मगच बाजूला झाली. नीटनेटकेपणाचा हा झटका हिला कुठून आला कळत नाही. एरवी नाकसुद्धा सांगितल्याशिवाय पुसत नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

रोज सकाळी ट्रे काठोकाठ भरून गोठलेले मिळतात. मी रात्री आडवी पडले की मेल्यासारखी झोपते, तेव्हा हे काम नवऱ्याचंच. आज त्याला म्हटलं, "किती न बोलता करतोस रे माझ्यासाठी." तो म्हणाला, "मी काय केलं?" असा आहे बिचारा, श्रेय म्हणून घेणार नाही. सासूबाई तिथेच आखडलेली बोटं चोळत बसल्या होत्या. म्हटलं, "इतक्या गार पाण्यात कशाला हात घालता?" तर "तुझं तू बघ" म्हणून फणकारल्या. चांगुलपणाने बोलायची सोय नाही.

आज तालीम म्हणून दोनदा केलं, दोन्ही वेळा बरोबर आलं. पण भिंगरीची आई शाळा सुटताना भेटली. मुलगी रोज चिंब फ्रॉक घेऊन येते, सर्दी होईल. मला तरी काय, निमित्तच हवं होतं. साहेबांसमोर ही अशी मधेच धावली तर संपलंच. तिला समोर उभं करून सांगितलं, "सोमवारी प्रयोगाला हात लावायचा नाही. कुणीच लावायचा नाही. जागेवर बसून बघायचं."

"पण बाई, ते..."

"पण नाही आणि बिण नाही."

गप्प बसली. एकदाची बसली.

सोमवार, १५ सप्टेंबर

तोंडावर आपटले. सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

साहेब आले. हवा दमट, वारा सुटलेला. त्यांचे कागद उडायला लागले म्हणून खिडक्या लावून घेतल्या. वर्ग भरलेला दिसावा म्हणून मोठ्या बाईंनी पाचवीही आमच्यातच आणून बसवली होती. माणसं खच्चून. मी बर्फ काट्यावर ठेवला आणि वकिलाने फळ्यावर लिहिलं, दोनशे चार. "वितळल्यावर किती भरेल?" सगळ्या वर्गाचे हात वर, "तेवढंच!" माझी मान ताठ झाली. साहेब मोठ्या बाईंबरोबर ऑफिसात दप्तर तपासायला गेले. मुलं हूं की चूं न करता बसून राहिली. अशी शिस्त या वर्गाने जन्मात पाळली नव्हती.

साहेब परतले. बर्फाचं पाणी झालं होतं. त्यांनी वाकून आकडा वाचला.

दोनशे अकरा.

"बर्फ वितळला की वजन वाढतं, असं शिकवता का तुम्ही?"

पाचवीचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. मोठ्या बाई पटकन म्हणाल्या, "काटा जुना आहे, साहेब."

आणि माझी जीभ! "गेल्याच वर्षी घेतलाय," मी म्हटलं. "काटा बरोबर आहे."

"मग हे वाढलं कसं?"

"माहीत नाही."

"शिक्षकाला माहीत नाही?"

"आत्ता माहीत नाही. मुलं आणि मी मिळून शोधू."

साहेब हसले. राग परवडला असता. तिकडे भिंगरी हात वर करून बाकावर नुसती उसळत होती. मी डोळे वटारून तिला खाली बसवलं, तेवढंच बाकी राहिलं होतं. साहेबांनी पेन उघडलं, काहीतरी लिहिलं आणि गेले.

घरी येऊन काटा ओट्यावर टाकला. सासूबाईंनी काटा पुसून जागेवर ठेवला.

मंगळवार, १६ सप्टेंबर

मोठ्या बाईंनी दार लावून घेतलं. शेरा वाचून दाखवला: प्रयोग चुकीचा, विद्यार्थ्यांना चुकीचे ज्ञान, वर्गशिक्षिका बदलावी.

"मी साहेबांशी फोनवर बोलले," त्या म्हणाल्या. "खूप विनवलं तेव्हा कबूल झालेत. काट्यात बिघाड होता, असा खुलासा तुम्ही लिहून द्यायचा. शेरा मागे घेतील, चौथी तुमच्याकडे राहील. एक ओळ लिहायची आहे, बाई."

"पण काट्यात बिघाड नाही."

"ते तुम्हाला कसं माहीत?"

"काल संध्याकाळी घरी डाळ-तांदळाच्या न फोडलेल्या पिशव्या ठेवून बघितल्या. छापलंय तेवढंच भरतं."

त्या चष्मा पुसायला लागल्या. "काट्याला नोकरी नाही, बाई. त्याला दोष दिला तर त्याचं काय बिघडणार आहे?"

मी शनिवारपर्यंत वेळ मागून घेतला. एक ओळ! चार वर्षांचा वर्ग एका ओळीत परत मिळतोय. नवरा म्हणाला, "लिहून टाक ना, कोण वाचतंय?" मी वाचतेय ना. उद्या वर्गात उभी राहून मुलांना 'नीट बघा, दिसेल तेच सांगा' म्हणायचं आणि स्वतः लिहायचं की काटा खोटा? थोबाड रंगवून घेतलेलं बरं.

बुधवार, १७ सप्टेंबर

वर्गात गेल्या गेल्या फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि म्हटलं, "सात ग्रॅम वाढले. का वाढले ते मला माहीत नाही. शोधा."

सगळ्यांनी भिंगरीकडे बघितलं. मग पैलवानाने हळूच सांगितलं, "बाई, भिंगरीला माहितीय. पण ती तुमच्याशी बोलणार नाही."

भिंगरी मान खाली घालून बसलेली. मी तिच्या बाकाशी जाऊन उकिडवी बसले. तेव्हा म्हणाली, "मी रोज पुसायचे ना. पिशवीला बाहेरून पाणी येतं. ते काट्यावर सांडतं. ते बर्फातलं नाही, मग ते कशाला मोजायचं? म्हणून पुसायचे. तुम्ही म्हणालात हात लावायचा नाही."

कानशिलं तापली माझी. गार ग्लासाला बाहेरून थेंब येतात, हे मी दरवर्षी शिकवते, चित्रासकट. पुस्तकातल्या थेंबाला वजन असेल हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. सगळं हातात देणार म्हणून मिरवत होते, आणि साहेब येणार म्हटल्यावर मीच सगळ्यांचे हात बांधून बसवले. जिचे हात बरोबर काम करत होते तिला तर दमच दिला. भर वर्गात म्हटलं, "भिंगरे, चूक माझी. का पुसतेस असं मी विचारायला हवं होतं."

ती लगेच विसरली. मुलं विसरतात, मोठ्यांना जमत नाही ते.

वकील मात्र आडवा आला. "कशावरून ते बाहेरचं पाणी? पिशवी गळत असेल." रास्त बोलला. मग उरलेला तास त्यातच गेला. मी कालच थोडं पाणी निळी शाई घालून गोठवायला ठेवलं होतं, मनात हीच शंका होती म्हणून. निळा बर्फ पिशवीत घातला, खिडक्या लावल्या, आणि सगळे काट्याभोवती श्वास फुंकत उभे. पिशवीवर थेंब धरले. भिंगरीने पांढऱ्या कागदाने टिपले. कागद ओला झाला, निळा नाही झाला. वकिलाने कागद उजेडात धरला, वास घेतला, चाटायला निघाला तेव्हा मी हिसकावून घेतला.

"मान्य," तो म्हणाला. "आतलं नाही. मग कुठलं?"

पैलवान म्हणाला, "काहीच नाहीतलं." आणि स्वतःच दुरुस्त केलं, "हवेतलं."

"आपल्या वर्गातल्या हवेत पाणी आहे?"

"तोंडातून जातं ना. आरशावर हा केलं की बसतं तसं."

"म्हणजे त्या दिवशी पाचवीच्या मुलांचं पण होतं?"

"सरांचं पण!"

"मग साहेबांचं पण!" भिंगरी टाळ्या पिटत ओरडली. "बाई, साहेब पण वजनात आले!"

वर्ग हसून हसून लोळला. मीही. डोळ्यांतून पाणी आलं ते हसण्याचंच होतं असं म्हणते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

खुलासा लिहिला. चारदा फाडला, पाचव्यांदा जमला. जसाच्या तसा इथे उतरवते.

'काट्यात बिघाड नव्हता. प्रयोगही चुकला नाही. बर्फाच्या गार पिशवीवर वर्गातल्या हवेतलं बाष्प पाणी होऊन बसलं, ते पुसायचं राहिलं, म्हणून वजन वाढलं. ते पुसणाऱ्या मुलीला मी मनाई केली होती, ती चूक माझी. वाढलेल्या वजनात वर्गात हजर असलेल्या सर्वांच्या श्वासाचा वाटा आहे, साहेबांच्याही. प्रयोग मी बंद करणार नाही.'

मोठ्या बाईंनी दोनदा वाचलं. "साहेबांच्या श्वासाचं काढून टाका."

"खरं आहे ते."

"हे पाठवलं तर चौथी गेली, कळतंय ना?"

"कळतंय."

मग उलटतपासणी. पिशवीचं तोंड नक्की बंद होतं का? खिडक्या सगळ्या लावल्या होत्या की एखादी उघडी होती? बर्फ किती? थेंब पुसले ते कापडाने की कागदाने? एकेक उत्तर कागदावर टिपून घेत होत्या. माझ्याविरुद्ध पक्का पुरावा गोळा करतायत, दुसरं काय. मीही सगळं सांगितलं, एक शब्द मागे घेतला नाही. घ्या लिहून.

व्हरांड्यात पाचवीचे सर भेटले. चौथीचं विज्ञान कुठवर आलंय, विचारत होते. म्हटलं, "मुलांना विचारा. पण जपून, तीही विचारतात."

शनिवार, २० सप्टेंबर

सकाळी कपाट आवरलं. ग्लास, टाचण्या, फुग्यांची पाकिटं पिशवीत भरली. पहिलीच्या मुलांना टाचण्या चालणार नाहीत, बाकीचं चालेल. रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि रडले नाही. मुलांना अजून काही सांगितलं नव्हतं. प्रार्थनेनंतर शिपाईमामा बोलवायला आले तेव्हा वर्गाला म्हटलं, "आलेच," आणि ते खोटं आहे असं वाटलं.

ऑफिसात मोठ्या बाई टेबलाशी. समोर टपाल तोलायचा काटा, आणि त्याच्यावर बर्फाची पिशवी. भोवतीच्या फायली ओल्या. खिडक्या बंद, आत घुसमट.

"बसा," त्या म्हणाल्या. "वितळेपर्यंत बोलू नका."

मी बसले. काय बोलणार होते? पिशवीवर थेंब धरले, मोठे झाले, घरंगळत काट्यावर गेले. आकडा एकाने वाढला. मग आणखी एकाने. मोठ्या बाई चष्मा नाकावर ओढून एकटक बघत होत्या. तोंड किंचित उघडं, आमच्या पैलवानासारखं. शेवटचा तुकडा वितळल्यावर त्यांनी रुमाल घेतला, पिशवी पुसली, काटा पुसला, पिशवी परत ठेवली. आकडा होता तिथे येऊन बसला.

"घरीही दोनदा केलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माझंच काही चुकत असेल. इतकी वर्षं वाचून दाखवलं मी हे. एकदासुद्धा..."

मग म्हणाल्या, "तुम्ही लिहिणार नाही हे मला मंगळवारीच कळलं होतं. म्हटलं, आपणच लिहून टाकू, काटा बिघडला, सही आपली. कागदही काढून ठेवला होता. आता कसा लिहू?"

तेवढ्यात फोन वाजला. साहेब. खुलाशाचं काय झालं, विचारत असणार. मी उठायला लागले तर त्यांनी हाताने खाली बसवलं.

"नाही, साहेब. काटा बरोबर आहे... नाही, त्यांनी पटवून दिलं नाही. मी स्वतः बघतेय, आत्ता, समोर बसून... तसं लिहून मिळणार नाही. त्यांच्याकडून नाही आणि माझ्याकडूनही नाही." पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. मोठ्या बाईंचा आवाज होता तसाच, एका पट्टीत. "बदला ना, साहेब. पण चौथीच्या बाई बदलायच्या असतील तर आधी मुख्याध्यापिका बदला. तसा हुकूम पाठवा, मी वाट बघते."

फोन ठेवला. दोन्ही हात टेबलावर सपाट टेकवले. पुढे काय होणार त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. मी उभी राहिले होते. आभार मानायचे की माफी मागायची, इतके दिवस मनात त्यांच्या नावाने बोटं मोडली त्याचं काय करायचं?

त्यांनी मान वर केली. "अशा काय बघताय? व्हरांड्यातून आवाज येतोय तो ऐकू येत नाही का? जा, तुमचा वर्ग बोंबलतोय."

मी गेले.